मिल्स यांचा आक्षेप नेमका कशावर?

अठराव्या शतकातला जर्मन तत्त्वज्ञ कांट याने मानववंशांची उतरंड लावली, म्हणून लिंकन-डग्लस वादस्पर्धेत (अमेरिकेतल्या शाळांमधली, नीतिमूल्यांवरची एकास-एक वादस्पर्धा) त्याच्या नीतिशास्त्राचा आधार घेणेच गैर आहे, असे या चर्चेत कोणी म्हटले आहे; ते मला अर्धेच पटते. उतरंडीची गोष्ट खरीच आहे. पण अमेरिकेतले शालेय स्पर्धक यासाठी ज्या तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचा दाखला हमखास देतात, त्यांच्या 2005 सालच्या लेखाचा रोख कांटच्या चारित्र्यावर नसून तत्त्वचिंतनाच्या एका पद्धतीवर आहे. माणसांवर झालेला जुलूम आणि त्याचा इतिहास वगळून आदर्श समाजाचे चित्र रेखाटले, की प्रत्यक्षातल्या अन्यायाचे काय करायचे हा प्रश्नच पुढे येत नाही, असे ते म्हणतात. आणि तरीही याच मिल्स यांनी पुढे कृष्णवर्णीयांच्या मूलगामी कांटवादाची मांडणी केली, म्हणजे व्यक्तीच्या प्रतिष्ठेचे तत्त्व टाकून न देता, ज्यांना पूर्ण माणूस म्हणून कधी मोजलेच गेले नाही त्यांच्या बाजूने ते वापरले. हा भाग चर्चेत अजून आलेला नाही.

मुलीच्या शाळेमुळे मला अशा स्पर्धांत पालक-परीक्षक म्हणून बसावे लागते. एका फेरीत ठरावाच्या विरोधी बाजूच्या मुलाने आपल्या सात मिनिटांतली बहुतेक मिल्स यांच्यावर घालवली. उत्तराला चारच मिनिटे मिळालेली समोरची स्पर्धक ‘कांट त्याच्या काळाचा माणूस होता’ एवढेच घाईघाईने सांगत राहिली. पद्धतीच्या मुद्द्यासमोरचा माझ्या वहीतला तिचा रकाना कोराच राहिला आणि निकाल, काहीशा नाइलाजाने, मुलाकडे गेला.