गुऱ्हाळघरांवरील प्रकल्प : प्राथमिक आणि दुय्यम माहिती कोठून मिळवावी?

करवीरची विद्यार्थिनी
नमस्कार. मी एम.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळघरे का बंद पडत आहेत, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. शंभर प्रश्नावल्या भरून घेतल्या की प्राथमिक माहिती झाली आणि दोन-चार संकेतस्थळे पाहिली की दुय्यम माहिती झाली, असे आमच्या वर्गात समजले जाते. मी बारा गुऱ्हाळमालकांना भेटले. परंतु ‘परवडत नाही’ यापलीकडे उत्तर मिळाले नाही. बाजार समितीचे दर संकेतस्थळावरून उतरवून घेतले आहेत, ते प्राथमिक की दुय्यम, हेही ठरवता येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक, वाणिज्य
शेवटचा प्रश्न आधी घेतो. कोणताही कागद मुळातच प्राथमिक किंवा दुय्यम नसतो; आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो, यावर ते ठरते. सौदा झाला त्या वेळी, तो करणाऱ्यांनीच केलेली नोंद प्राथमिक. अशा अनेक नोंदींवरून काढलेले आणि ॲगमार्कनेट या शेतमाल-दरांच्या सरकारी संकेतस्थळावर दिसणारे किमान, कमाल व सर्वसाधारण दर तुमच्या विषयासाठी दुय्यम. त्यातही ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे सरासरी नव्हे, तर ज्या दराने बहुतेक माल विकला गेला तो दर. त्याला आवकेने गुणून उलाढाल काढण्याची चूक मी अनेक प्रबंधांत पाहिली आहे.

माझ्या मते गावात जाण्यापूर्वी दुय्यम वाचन पुरे करावे. शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात गूळ उद्योगावरील प्रबंध शोधा आणि त्यांच्या निष्कर्षांपेक्षा त्यांनी कोणती कागदपत्रे वापरली, ते आधी पाहा. उसाची रास्त व किफायतशीर किंमत (एफआरपी), म्हणजे कारखान्याने शेतकऱ्याला द्यायचा किमान दर, ही पद्धत २००९ पासून आहे. ऊस कारखान्याला घालावा की गुऱ्हाळाला, हा शेतकऱ्याचा निर्णय तिच्याशी जोडलेला असल्याने कृषी खर्च व मूल्य आयोगाचे ऊसविषयक वार्षिक अहवाल वाचायलाच हवेत. लघुउद्योगांची आकडेवारी वापरणार असाल, तर सूक्ष्म उद्योगाची व्याख्या जुलै २०२० मध्ये आणि पुन्हा १ एप्रिल २०२५ पासून बदलली आहे, हे ध्यानात ठेवा. उद्यम या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा वाढता आकडा म्हणजे तितके नवे उद्योग सुरू झाले, असेही नव्हे. जुने व्यवसायही त्यात नोंदले जातात.

अडत दुकानदार
आमचे गुळाचे अडतीचे दुकान आहे. माल विकला गेला की शेतकऱ्याला पट्टी मिळते. तीत रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर, हमाली-तोलाईसारखी कपात आणि हाती आलेली रक्कम असते. अनेक घरांत या पट्ट्या वर्षानुवर्षे जपलेल्या असतात. ‘परवडते का?’ असे विचारण्याऐवजी त्या पाहू द्याव्यात अशी विनंती करा, आणि मग दिवसाला किती आधणे (रस आटवण्याचे घाणे) निघत होती, गुळव्याला, म्हणजे गूळ बनवणाऱ्या कारागिराला, काय द्यावे लागले, हे विचारा. माणूस आपोआप बोलू लागतो. मात्र काहील (रस आटवायची मोठी कढई) उतरायच्या वेळी जाऊ नका, कारण तेव्हा गुळव्याचे लक्ष विचलित झाले तर आधणच बिघडते.

करवीरची विद्यार्थिनी
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. उत्तरे वाचताना एक गोष्ट लक्षात आली : मी भेटलेल्या बारांपैकी अकरा गुऱ्हाळे अजून चालू आहेत. बंद पडलेल्यांचे मालक शोधायचे कसे?

निवृत्त प्राध्यापक, वाणिज्य
हा दोष तुम्हाला स्वतःहून दिसला, याचा मला फार आनंद झाला. टिकून राहिलेल्यांना विचारून बंद पडण्याची कारणे कळत नाहीत. त्यांच्या अडचणी कळतात, आणि त्या अडचणी असूनही ते टिकले आहेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, इमारतींच्या नोंदी असतात. जुन्या आणि चालू नोंदी शेजारी ठेवून पाहा. सहजासहजी पाहायला मिळाल्या नाहीत, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. अनेक ठिकाणी काम केलेल्या वयस्कर गुळव्यांनाही अवश्य भेटा.

अडत दुकानदार
आमच्या जुन्या खतावण्यांतूनही ते कळू शकेल. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यांना पूर्वी ज्यांचा माल येई आणि आता येत नाही, त्यांची गावनिहाय संख्या मी काढून देईन. नावे मात्र त्यांची संमती मिळाल्यावरच सांगेन, आणि मुलाखतीआधी मी स्वतः त्यांच्याशी बोलेन. गाळ्यावर येताना महाविद्यालयाचे पत्र आणावे.