ग्रीन कार्ड नूतनीकरण: पासपोर्टची प्रत लागते का?

अमेरिकेचं ग्रीन कार्ड नवं करून घेण्याच्या किंवा बदलून घेण्याच्या अर्जाला, म्हणजे आय-९० ला, पासपोर्टची प्रत लावावीच लागते असं कुणीतरी लिहिलंय. तसं नाही. मुदत संपत आलेलं दहा वर्षांचं कार्ड हातात असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत पुरते. कार्ड हरवलं असेल तेव्हा मात्र सरकारी ओळखपत्र लागतं, आणि त्यावर नाव, जन्मतारीख, फोटो, सही हे चारही हवंच. आधारवर सही नसते, म्हणून ते इथे कुचकामी. पासपोर्टचं फोटोचं पान चालतं.

लग्नानंतरचं नाव घालायचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखलाही जोडा. तो फक्त मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. भाषांतर अचूक असल्याचं आणि दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचं. नोटरीवर उगाच पैसे घालवू नका.