मदत हवी आहे: पुण्याची नोकरी सांभाळून पोर्तुगालमध्ये कायमचे स्थायिक होण्याविषयी

नमस्कार. मी २८ वर्षांचा असून पुण्यातील एका कंपनीसाठी पूर्णवेळ घरून काम करतो. पोर्तुगालच्या डी-८ व्हिसावर (परदेशी कंपनीचे काम तेथे राहून दुरून करणाऱ्यांसाठीचा व्हिसा) लिस्बनला जाऊन पुढे तेथेच कायमचे राहावे, असा माझा विचार आहे. या व्हिसासाठी तेथील किमान वेतनाच्या चौपट मासिक उत्पन्न दाखवावे लागते. २०२५ च्या ८७० युरोंच्या हिशेबाने ते ३,४८० युरो होते आणि माझा पगार त्याच्या जेमतेम वर जातो.

खरी अडचण कंपनीची आहे. कर्मचारी परदेशातून काम करू लागल्यास तेथे आपल्यावर कर लागू होईल, या धास्तीने मनुष्यबळ विभाग मला राजीनामा देऊन सल्लागार म्हणून करार करण्यास सुचवत आहे. तसे केल्यास भविष्य निर्वाह निधी थांबेल आणि पोर्तुगालमधील सामाजिक सुरक्षेची वर्गणी मलाच भरावी लागेल. सकाळी दहाची रोजची मीटिंग उन्हाळ्यात तिकडे पहाटे साडेपाचला येईल, पण ते मी निभावून नेईन.

असा करार करून गेलेल्या कोणी दोन्ही देशांतील करांची सांगड कशी घातली आणि व्हिसाच्या मुलाखतीत नवा करार पुरेसा ठरला का, हे कृपया सांगावे.