जन्मजात, आनुवंशिक, उपजत : फरक काय?

प्रश्न : ‘तापटपणा जन्मजात असतो’ आणि ‘तापटपणा आनुवंशिक असतो’ ही वाक्यं एकाच अर्थाची का? ‘उपजत’ कुठे वापरावा? लेख लिहिते आहे, म्हणून विचारते.

उत्तर : एकाच अर्थाची नाहीत, आणि कृपा करून तसं लिहूही नका. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं, मग कारण कोणतंही असो. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळ बहिरं जन्मू शकतं. हा बहिरेपणा जन्मजात आहे, आनुवंशिक नाही. उलट हंटिंग्टनचा आजार हा मेंदूचा विकार जनुकातून येतो, पण लक्षणं बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. माणसाचा स्वभावही त्यात पालटतो. उपजत म्हणजे शिकवावं न लागणारं, जसं नवजात बाळाचं चोखणं.

(जाता जाता : अनुवंश + इक = आनुवंशिक. ‘अनुवांशिक’ सगळीकडे दिसतो, पण चूक आहे.)

प्रश्न : पण आनुवंशिक म्हणजे न बदलणारं, एवढं तरी खरं ना? ‘खाण तशी माती’ म्हणतातच.

आणखी एक उत्तर : ही म्हण इथे दिशाभूल करते. फिनाइलकीटोन्यूरिया हा पक्का आनुवंशिक विकार. प्रथिनांतलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीरात साठत जातं आणि मेंदूला कायमची इजा होते. पण जन्मल्यावर लगेच ओळखून आहार काटेकोर सांभाळला, तर ही इजा बहुतांशी टळते. जनुक तेच राहतं, ताटातलं बदलतं.

तापटपणाचं म्हणाल तर एमएओए हे जनुक ‘योद्धा जनुक’ म्हणून गाजलं. न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या २००२ सालच्या अभ्यासात मात्र वेगळंच दिसलं. या जनुकाचा कमी क्रियाशील प्रकार असलेल्या मुलग्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, त्यांच्यातच पुढे समाजविघातक वर्तन ठळकपणे वाढलं. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कुठे दिसला, कुठे नाही. म्हणून ‘तापटपणाचं जनुक’ असं लिहू नये. ‘तापटपणात जनुकांचाही वाटा असतो’ असं लिहावं.

प्रश्न : वाटा टक्क्यांत सांगितला तर?

उत्तर : सांगा, पण कशाचा वाटा ते लिहा. उंचीच्या बाबतीत सुमारे ८० टक्के हा आकडा नेहमी दिला जातो. तो एखाद्या समूहातल्या माणसांच्या उंचीतल्या *फरकांबद्दल* असतो. माझ्या उंचीतले इतके इंच जनुकांचे आणि उरलेले जेवणाचे, अशी वाटणी त्यातून निघत नाही. उपासमारीच्या काळात त्याच समूहातला आकडा बदलू शकतो. तेव्हा ‘राग ४० टक्के आनुवंशिक’ यासारखं वाक्य व्याकरणात बसलं तरी अर्थ चुकवतं.