आठवीच्या तासाला रॉल्स कसा घ्यावा?

नागपुरात बी.एड.चा सराव पाठ आहे. विषय ‘न्याय’, वेळ ३५ मिनिटं. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचा ‘अज्ञानाचा पडदा’ (समाजात आपली जागा कोणती हे माहीत नसताना नियम ठरवायचे, ही कल्पना) मुलांना झेपेल का?

↳ झेपेल, व्याख्या आधी सांगू नका. बंद चिठ्ठ्या वाटा: धंतोलीतल्या डॉक्टरचा मुलगा, कळमन्यातल्या हमालाची मुलगी, अंध विद्यार्थी. चिठ्ठी न उघडता शाळाप्रवेशाचे नियम करायला लावा, मगच उघडा. आधी उघडली की प्रत्येक जण आपापल्या सोयीचं भांडतो आणि पडदाच उरत नाही.

↳ पुढे शिक्षणहक्क कायदा, २००९ घ्या. खासगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित-दुर्बल घटकांना. अल्पसंख्याक शाळा त्यातून वगळल्यात. ते न्याय्य का, यावर वाद होऊ द्या.

↳ हा पडदा ज्यात आहे तो रॉल्सचा ग्रंथ १९७१चा. राजकारणात समता आणि समाजात विषमता, ही विसंगती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९लाच संविधान सभेत मांडली होती. ती पाठात हवीच.