मोटारहोमसाठी सर्ज प्रोटेक्टर घ्यावा की स्टॅबिलायझर? सल्ला हवा आहे

घाटवाट :
नमस्कार. आमची मोटारहोम जुन्या प्रवासी गाडीच्या सांगाड्यावर इथेच, कोल्हापुरात बांधून घेतलेली आहे. आत १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवर क्षमतेची लिथियम बॅटरी, तिचा चार्जर, इन्व्हर्टर, लहान एसी आणि फ्रिज एवढा पसारा असून मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही १६ अँपिअरच्या केबलने बाहेरून वीज घेतो. फेब्रुवारीत पन्हाळ्याच्या बाजूला एका परिचितांच्या गुऱ्हाळावर थांबलो होतो. रात्री नऊच्या सुमारास दाराबाहेर टांगलेला साधा पिवळा बल्ब एकाएकी पांढरा लख्ख झाला, फ्रिजच्या मागून जळका वास आला आणि मी धावत जाऊन केबल उपसेपर्यंत चार्जर आणि फ्रिजचे कार्ड दोन्ही गेले होते. गुऱ्हाळाचा चरक मात्र त्या वेळी बिनदिक्कत फिरत होता, त्यामुळे लाईट व्यवस्थितच आहे, दोष तुमच्या गाडीत असणार, असे तिथल्या मंडळींचे म्हणणे पडले. गाडीत सर्ज प्रोटेक्टर बसवलेला होता; तो उघडला तेव्हा आतली निळी चकती तडकून कोळशासारखी झालेली दिसली. आता याहून मोठा सर्ज प्रोटेक्टर घ्यावा की सरळ स्टॅबिलायझर बसवावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उद्यमनगरकर :
चरक चालू होता, हीच तुमच्या हकिकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. तीन फेजच्या मोटरला न्यूट्रल (वीज परत जाण्याची तार) लागत नाही, म्हणून न्यूट्रल तुटला तरी ती फिरत राहते. पण त्याच बोर्डावरचे सिंगल फेजचे भार मात्र दोन फेजांच्या मधे एकामागे एक जोडल्यासारखे होतात आणि ४१५ व्होल्टची वाटणी ज्याच्या त्याच्या भारानुसार होते. ज्या फेजवर भार कमी, तिच्या वाट्याला व्होल्टेज जास्त येते. त्या रात्री तुमची गाडी हलक्या फेजवर असणार आणि तिला ३०० च्या पुढचे व्होल्टेज मिळाले असणार.

याला लोक सर्ज म्हणतात खरे, परंतु सर्ज प्रोटेक्टर ज्यासाठी असतो तो सर्ज मायक्रोसेकंदांत येऊन जातो. त्यातली चकती तेवढा क्षणिक धक्का पिऊन टाकते. सतत राहिलेले वाढीव व्होल्टेज तिच्यावर आले की ती तापत जाऊन जळते आणि तुमची तशीच जळली आहे. त्यामुळे तिच्याहून मोठी चकती घेतली तर ती फार तर थोडी उशिरा जळेल.

तुम्हाला आधी हवा आहे तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज फार वाढले किंवा फार पडले की वीज तोडणारे उपकरण. वरची मर्यादा २६५ आणि खालची १८० च्या आसपास ठेवावी, आणि वीज पूर्ववत झाल्यावर पुन्हा जोडणी करण्यास तीन मिनिटांचा विलंब लावावा, म्हणजे एसीच्या कॉम्प्रेसरला लगेच सुरू व्हावे लागत नाही. घेताना एक गोष्ट अवश्य पाहावी : ते उपकरण स्वतः ४१५ व्होल्ट सहन करते असे त्यावर लिहिलेले असावे. नाहीतर रक्षकच पहिला जायचा.

वळीव :
स्टॅबिलायझरचा मोह मलाही झाला होता. एसी पेलणारा स्टॅबिलायझर जड असतो, गाडीत जागा खातो आणि त्याच्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेल्यावर शेवटी तोही वीज तोडण्याचेच काम करतो. जिथे व्होल्टेज कायमच पडलेले असते, तिथेच त्याचा खरा उपयोग आहे.

मात्र सर्ज प्रोटेक्टर काढून टाकू नये. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कशा पडतात हे सांगायला नको. टाईप २ चा (बोर्डात बसवायच्या वर्गाचा) घ्यावा आणि त्यावर सतत सहन होणारे व्होल्टेज २७५ ऐवजी ३२० किंवा ३८५ लिहिलेले पाहावे. अर्थात गडगडाट सुरू झाला की केबल काढून ठेवणे, याला तोड नाही.

आणखी एक मुद्दा अर्थिंगचा. गावाकडच्या पुष्कळ सॉकेटांत तिसरे भोक नुसते शोभेला असते. गाडी रबरी टायरांवर उभी असल्यामुळे अर्थ नसताना आत गळती झाली, तर पत्र्याला करंट येतो आणि ओल्या जमिनीवर पाय ठेवून दाराची कडी धरणाऱ्याला तो बसतो. त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवीच. काही जण नुसती अर्थिंगची सळई ठोकून निश्चिंत होतात; सळईच्या मार्गाने एमसीबी (जादा करंट झाल्यास वीज तोडणारा स्विच) पडण्याइतका करंट बहुधा वाहतच नाही, त्यामुळे आरसीसीबी नसेल तर ती सळई फसवी आहे.

घाटवाट :
दोघांचेही मनापासून आभार. यांचा क्रम कसा असावा? आणि जोडणी करण्यापूर्वी न्यूट्रल ढिला आहे हे ओळखता येते का?

उद्यमनगरकर :
केबल आत आल्यावर दोन पोलचा एमसीबी, कारण फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड सर्रास भेटतात. मग आरसीसीबी, त्यानंतर व्होल्टेज प्रोटेक्टर आणि त्याच्या पुढे सर्ज प्रोटेक्टर, असा क्रम मी लावतो. सर्ज प्रोटेक्टर सर्वांत आधी हवा असे मानणारेही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण आपल्याकडे न्यूट्रल जाण्याचे प्रसंग अधिक म्हणून मी चकतीला मागे ठेवतो.

ढिला न्यूट्रल मोकळ्या सॉकेटवर सहसा सापडत नाही. मीटर २३० दाखवतो आणि आपण फसतो. म्हणून त्या सॉकेटवर आधी पाणी तापवायची किटली लावावी आणि ती चालू असतानाच मोजावे. व्होल्टेज दहा-पंधराने खाली आले किंवा काटा नाचू लागला, तर जोडणी कच्ची समजावी. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधे दोन-तीन व्होल्टपर्यंत ठीक, वीस दिसले तर तिथे गाडी जोडूच नये. तरीही मागच्या खांबावर मध्यरात्री काय तुटेल ते किटली सांगू शकत नाही, म्हणून प्रोटेक्टर.

घाटवाट :
काल सर्व बसवून घेतले. गुऱ्हाळावरही परत जाऊन आलो. मालकांनी वायरमनकडून बोर्ड उघडवला, तेव्हा न्यूट्रलच्या बोल्टवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला होता आणि वायरीचे टोक नुसत्या बोटाने हलत होते. त्यांनी गुळाची एक ढेप दिली. फ्रिजच्या कार्डाचे पैसे अजून आमच्याच खिशातून गेलेले आहेत.