तिला विसरायला होतंय, घर तिच्या नावावर आहे. कागद कधी आणि कसे करावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी ६४ वर्षांची, पुण्यात राहते. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, २०२० च्या जानेवारीत व्हीआरएस घेतली. माझ्याबरोबर जी राहते ती ६८ वर्षांची, बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाली. १९८७ साली नोकरदार महिलांच्या वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली, तेव्हापासून आम्ही एकत्रच आहोत. सोसायटीत कोणी बहिणी समजतं, कोणी मैत्रिणी. तिचा भाचा तिला आत्या म्हणतो आणि मला मावशी. आम्ही स्वतः आमच्या नात्याला कधी नाव दिलं नाही. इथे स्पष्टच लिहिते: नवरा-बायकोचं जे असतं तेच आमचं आहे.

गेल्या दिवाळीपासून तिला विसरायला होतंय. आधी चहात पावडर दोनदा, मग दूधवाल्याला पैसे दोनदा. मला खरं कळलं ते नोटांवरून. बोट ओलं करायची स्पंजची डबी तिने निवृत्तीनंतरही घरी ठेवली आहे. शंभर नोटांचं बंडल ती बोलता बोलता मोजायची, कधी एक नोट इकडची तिकडे झाली नाही. मार्चमध्ये पेन्शनचे वीस हजार आणले, पाचशेच्या चाळीस नोटा. तीनदा मोजायला बसली आणि तिन्ही वेळा बावीस-तेवीसवर अडकली. मग गड्डी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "तू मोज गं, माझा चष्म्याचा नंबर वाढलाय." चष्मा दीड महिन्यापूर्वीच नवा केला होता.

तपासण्या झाल्या. अल्झायमरची सुरुवात आहे, गोळ्या चालू आहेत, चांगले दिवस अजून पुष्कळ असतात. एमआरआयच्या वेळी काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंटचं घरचं माणूस कोण आहे?" मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, "तसं नाही, नात्यातलं." शेवटी भाच्याला फोन केला. तो चाकणहून अर्धी रजा टाकून आला, सही केली आणि परत गेला. तोवर दोन तास ती तो पातळ गाऊन घालून एसीत बसून होती, आणि माझी शाल आत नेऊ देत नव्हते.

घराचं असं आहे. १९९६ मध्ये दोन खोल्या घेतल्या. तिला बँकेचं कर्ज कमी व्याजाने मिळत होतं म्हणून घर तिच्या एकटीच्या नावावर. हप्ता तिच्या पगारातून, घरखर्च माझ्या पगारातून. सोसायटीत नॉमिनी म्हणून तिच्या आईचं नाव आहे, त्या जाऊन सोळा वर्षं झाली. बदलायचं राहूनच गेलं.

भाचा मनाने वाईट नाही. पण परवा त्याची बायको सहज म्हणाली, "आत्यांना आता आमच्याकडेच न्यायला हवं." तेव्हापासून मला झोप नाही. घराचा मला मोह नाही. पण रात्री उठल्यावर संडासाच्या दिव्याचं बटण तिच्या हाताला अंधारातही सापडतं. ते बटण असलेल्या घरातच तिने राहावं, आणि तिच्याजवळ मी असावं, एवढंच.

तिच्या सहीला किंमत आहे तोवर कागद व्हायला हवेत हे कळतं. पण कागद पुढे ठेवणं म्हणजे "तू सगळं विसरत जाणार आहेस" हे मी माझ्या तोंडाने तिला सांगणं. शिवाय लोक म्हणतील, आजारी बाईकडून घर लिहून घेतलं. आधी काय करू? आणि वकिलाला आमचं नातं सांगावंच लागतं का?

दस्त_नोंदणी

ताई, मी वकील आहे, मृत्युपत्रांची आणि सोसायट्यांची कामं करते. आधी हे सांगते की उशीर झालेला नाही. निदान झालं म्हणजे सही बाद झाली असं नसतं. सही करताना आपण काय करतोय हे तिला कळत असलं पाहिजे. भारतीय उत्तराधिकार कायद्याचं कलम ५९ तर म्हणतं की एरवी मन थाऱ्यावर नसलेल्या माणसानेही शुद्धीत असताना केलेलं मृत्युपत्र चालतं. तुमच्या घरी अजून ती वेळही आलेली नाही. मात्र महिने मोजत बसू नका.

मृत्युपत्र केलं नाही तर काय होईल ते ऐका. अविवाहित हिंदू स्त्रीची मालमत्ता आधी आईवडिलांना, ते नसतील तर वडिलांच्या वारसांना, म्हणजे भाऊ-बहिणी आणि हयात नसलेल्या भावाबहिणींची मुलं यांच्याकडे जाते. त्या यादीत तुम्ही कुठेच नाही. नॉमिनी बदला, पण त्यावर विसंबू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कोणी म्हणेल सोसायटीत तिच्या जोडीने सहयोगी सदस्य व्हा, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती यादी नातेवाइकांचीच आहे. बक्षीसपत्र करायचं तर नवरा, बायको, मुलं, नातवंडं यांना राहत्या घरासाठी दोनशे रुपये मुद्रांक लागतो आणि तुम्हाला बाजारभावावर पूर्ण. मला हा फरक दर वेळी टोचतो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार हवेत, त्यातले एक तिचे डॉक्टर असतील तर उत्तम, आणि त्याच दिवशीचा त्यांचा दाखला जोडा. सही सकाळी घ्या. नोंदणी सक्तीची नाही, तरी तुमच्या बाबतीत दुय्यम निबंधकांकडे कराच. तुम्हाला घराचा मोह नाही म्हणता, तर असंही लिहिता येतं की तुम्हाला हयातभर राहण्याचा हक्क आणि तुमच्या पश्चात घर भाच्याला. लिहून घेतल्याचा आरोप मग फारसा टिकत नाही.

पण मृत्युपत्र लागू होतं ती गेल्यावर, आणि तुमची काळजी ती असतानाची आहे. कुलमुखत्यारपत्रावर भिस्त ठेवू नका, देणाऱ्याची समज गेली की तेही संपतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम १४ बघा. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून उपचारांच्या निर्णयांसाठी आपला प्रतिनिधी नेमू शकतो, आणि तो नातेवाईकच हवा अशी अट नाही. स्मृतीचे गंभीर विकार त्या कायद्याच्या व्याख्येत येतात. दुसरं म्हणजे शेवटच्या आजारातल्या उपचारांबद्दलचं इच्छापत्र. सुप्रीम कोर्टाने ते २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ च्या जानेवारीत सोपं केलं, आता दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतात. त्यात तुमचं नाव घाला. बँकेत संयुक्त खातं उघडा. समलिंगी जोडीदारांना त्यासाठी आडकाठी नाही असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला लेखी कळवलं आहे, त्या पत्राची प्रत सोबत न्या.

नातं लिहायची कायद्याने सक्ती नाही. पण रक्ताचा भाचा असताना हक्क दुसऱ्या कोणाला का, हे मृत्युपत्रात एका वाक्यात तिच्या शब्दांत आलं तर पुढे फार उपयोग होतो. ते वाक्य तिलाच सांगू द्या.

शेवंती

माझं मत वेगळं आहे. आम्हीही दोघीच आहोत, साताऱ्याकडे, वय साठीच्या आसपास. नाव दिलं नाही म्हणून इतकी वर्षं सुखाने राहू दिलं लोकांनी. या वयात शेजाऱ्यांची नजर बदललेली सोसत नाही. मैत्रीण असंच लिहा, कागद तेवढाच भक्कम राहील. भाच्याला तर अजिबात काही सांगू नका.

मागचा_डबा

शेवंतीताई, तुमची भीती मी जगलेलो आहे, म्हणून लिहितो. मी ७१ वर्षांचा, डोंबिवलीचा. १९९४ मध्ये मुंबईत आमच्यासारख्या समलिंगी लोकांसाठी हमसफर ट्रस्ट सुरू झाला, त्यानंतर दोन वर्षांनी तिथल्याच एका बैठकीत आम्ही भेटलो. २००९ ला आमचे संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा श्रीखंड आणलं, २०१३ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. २०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाच्याच पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं, तेव्हा तो हॉस्पिटलात होता. मी बातमी वाचून दाखवली. तो म्हणाला, "बारीक आवाजात वाच." बाजूच्या खाटेवर त्याचे मेहुणे बसले होते.

नोव्हेंबरात तो गेला. संयुक्त खातं होतं म्हणून हॉस्पिटलचं बिल मला भरता आलं, तेवढं तरी माझ्या हातून झालं. घाटावर मात्र मी मागे, त्याच्या ऑफिसातल्या लोकांत उभा होतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. पाऊण तास गेला. सगळ्यांचं आश्वासन देऊन झालं. मग त्याची बहीण मागे वळून मला म्हणाली, "तुम्ही या पुढे. तुम्हीच सांगा त्याला काय ते." बावीस वर्षांत तिने मला एक शब्द विचारला नव्हता. तिला सगळं ठाऊक होतं. मी पुढे गेलो, पण तोंडातून शब्द फुटेना, कारण मोठ्याने बोलायची आम्हाला सवयच नव्हती.

कृष्णाकाठ ताई, तुमचं माणूस अजून ऐकतंय. त्यांना सांगा.

चंद्रभागा

मी तृतीयपंथी, ५६ वर्षांची, सोलापूर. माझ्या गुरूला अर्धांगवायू झाला तेव्हा आम्ही पाच चेल्यांनी चार वर्षं पाळ्या लावल्या. आमच्यात रक्ताचं कोणी जवळ नसतं, म्हणून वाटून घ्यायची रीत आहे. ज्या डेऱ्यातून, म्हणजे गुरूच्या घरातून, निघून गेल्या त्यांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत.

बाई, तुम्ही सगळं तिच्यासाठी विचारलंत. उद्या तुम्हीच आधी गेलात किंवा पाय मोडून पडलात तर तिला चहा कोण देईल? कागदात दुसरं नाव घाला. आणि भाचा इतका जवळ आहे तर त्याला दारात उभा ठेवू नका, आत घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. शेवंतीताई, तुमचं वाचून मी दोन दिवस गप्प होते, कारण तुम्ही लिहिलंत तेच मी आयुष्यभर मनाशी म्हणत आले.

मग एका सकाळी तिची अंघोळ, चहा झाल्यावर सांगायला बसले. मला सुरुवातच जमेना. ती म्हणाली, "चष्म्याचं खोटं बोलले होते मी." मार्चपासून ती जुन्या डायरीत रोजची तारीख आणि जेवणात काय होतं ते लिहून ठेवत होती, दुसऱ्या दिवशी झाकून आठवून बघायची. चुकलं की शेजारी फुली. ती डायरी पिठाच्या डब्यामागे होती आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघी खूप रडलो.

भाच्याला रविवारी बोलावलं. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "हिच्याशिवाय मी कुठेही येणार नाही, तुझ्याकडेही नाही." तो बराच वेळ खाली बघत होता. माझ्या पश्चात घर त्याला, हे वाचून दाखवलं तेव्हा म्हणाला की ते नंतर बघू, आधी एमआरआयला माझी सही लागली तशी परत लागू नये असं करा. मला काही झालं तर दुसरं नाव म्हणून त्याचं घातलं आहे, ते त्याने मान्य केलं. त्याची बायको अजून फोन घेत नाही.

वकीलबाईंनी मसुद्यात "माझी जिवलग मैत्रीण" असं लिहिलं होतं. हिने पेन मागितलं, ते खोडलं आणि वर लिहिलं, "माझं घरचं माणूस." म्हणाली, "त्या काउंटरवर हेच विचारलं होतं ना?" मी तर समजत होते की तो दिवस ती विसरली.

कलम १४ च्या कागदावर सही झाली, नॉमिनीचा अर्ज सोसायटीत दिला. मृत्युपत्राच्या नोंदणीला गुरुवारी सकाळी जायचंय. काल संध्याकाळी ती रद्दीच्या कागदावर सही गिरवत होती, बँकेतल्या नमुन्याशी जुळते का ते स्वतःच ताडून बघत. सतराव्या सहीवर म्हणाली, "ही पास."